उसन्या व्हायोलिनवर सुरुवात: मोठेपणी शिकणाऱ्यांसाठी

मी व्हायोलिन पहिल्यांदा हातात घेतलं ते ३८व्या वर्षी, आणि तेही स्वतःचं नाही. मैत्रिणीच्या भावाने शाळेत असताना हौसेने घेतलेलं, मग कित्येक वर्षं कपाटावर पडून असलेलं. त्यानंतर जे काही शिकले त्यातलं बरंचसं उसनंच म्हणायचं, नोटेशन कुणीतरी स्कॅन करून ठेवलेलं, साथ कुणीतरी रेकॉर्ड करून टाकलेली, चुका कुणीतरी वेळ काढून दाखवलेल्या. त्यामुळे कुणी नवीन माणूस विचारतो ना की कुठून सुरू करू, तेव्हा मी आधी एवढंच सांगते की यात काय उसनं चालतं आणि काय स्वतःचंच लागतं ते समजून घ्या, निम्मी उधळपट्टी तिथेच वाचते आणि वैतागही.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका, पद्धत कुठली. आपल्याकडच्या शास्त्रीय पद्धतीत मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं वळलेलं टोक उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवतात, तारा बऱ्याचदा सा-प-सा-प अशा लावतात, आणि वाद्य तिकडे टेकलेलं असल्यामुळे डावा हात मींड घ्यायला मोकळा राहतो. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून किंवा खुर्चीत बसून खांदा आणि हनुवटी यांच्यामध्ये धरतात आणि तारा जाडीकडून बारीककडे जी-डी-ए-ई. दोन्ही उत्तमच. पण फुकट व्हिडिओ बघताना लोक आज हे उद्या ते करतात आणि मग हात कुठे ठेवायचा इथेच महिना जातो. मी पाश्चात्त्य पद्धतीने शिकले म्हणून पुढचं बरंचसं त्या अंगाने आहे, पण बो (म्हणजे गज) आणि कान यांबद्दल जे लिहिलंय ते दोन्हीकडे लागू आहे.

पहिली पायरी: वाद्य मागून आणा, पण तपासून आणा

पहिल्या सहा महिन्यांत विकत घेऊ नका. खरंच नका घेऊ. तुम्हाला अजून आवाजातला फरक कळत नसतो, त्यामुळे दुकानात तुम्ही पॉलिश बघून घेणार. ओळखीत विचारा, ज्या घरात मुलं मोठी झाली त्या घरात विचारा, भाड्याने मिळत असेल तर भाड्याने घ्या. दोघा-तिघांत मिळून एक व्हायोलिन ठेवलं तरी पहिले काही महिने चालतं, फक्त रोज थोडं थोडं वाजवायचं असतं म्हणून ते फार हिंडतं राहिलं की कुणाचाच रियाज होत नाही. दोघांत ठीक, चौघांत नाही.

मुलाचं व्हायोलिन आणत असाल तर साईज बघा. मोठ्यांना फुल साईज म्हणजे ४/४ लागतं. आतलं लेबल वाचता येतं पण लेबलवर विसंबू नका, मागची पाठ मोजा, गळ्याच्या बुडाशी जो छोटा गोल तुकडा असतो तो सोडून, साधारण ३५.५ सेंटीमीटर आलं तर फुल.

मग टॉर्च घ्या. पुढे जी दोन एफच्या आकाराची भोकं असतात त्यातून आत बघा, ई तारेच्या बाजूला घोडीच्या (तारा जिच्यावरून जातात ती उभी लाकडी पट्टी) किंचित मागे एक लाकडी दांडी उभी दिसली पाहिजे, पेन्सिलीएवढी जाड. तो साउंडपोस्ट. इटालियनमध्ये त्याला चक्क आत्मा म्हणतात आणि ते नाव काही उगाच नाही, कारण तो पडला की आवाज मेलाच. तो चिकटवलेला नसतो, नुसता दाबाने उभा असतो. घोडीसुद्धा तशीच, चार तारांच्या दाबाने उभी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तारा जुन्या झाल्यात, चला बदलू, म्हणून मी एकदम चारही तारा सैल केल्या, घोडी आडवी पडली, आणि आतून एक टक् असा आवाज आला. व्हायोलिन हलवलं तर आत काहीतरी गडगडतंय. उसनं व्हायोलिन, रात्रीचे अकरा, मी घामाघूम. दुसऱ्या दिवशी वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेलं, त्यांनी वाकड्या सळईसारख्या एका हत्याराने एफच्या भोकातून दांडी उचलून पाच-दहा मिनिटांत उभी केली आणि मला एकच वाक्य ऐकवलं, ताई, तारा एका वेळी एकच काढायची. तर तुम्हीही एका वेळी एकच काढा.

बाकी बघायचं ते असं की वरच्या पाटावर चीर आहे का, खास करून घोडीच्या आसपास, घोडी वाकलेली आहे का, मान हलते का, खुंट्या फिरतात का आणि फिरवल्यावर जागेवर राहतात का. घोडी उंच असेल तर तारा दाबता दाबता बोटं दुखतात आणि माणूस समजतो आपल्यातच काही खोट आहे. फिंगरबोर्डच्या, म्हणजे ज्या पट्टीवर तारा दाबतात तिच्या, घोडीकडच्या टोकाशी तार आणि लाकूड यातली फट मोजा, ई तारेखाली साधारण ३ ते ३.५ मिलिमीटर आणि जी तारेखाली ५ ते ५.५ च्या आसपास असली म्हणजे झालं. यापेक्षा बरीच जास्त असेल तर एकदा कारागिराकडून लावून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या व्हायोलिनवर पहिला खर्च करायचा तो हा, व्हायोलिन ठेवायच्या नवीन पेटीवर, म्हणजे केसवर, नाही.

आणि हो, आणताना मालकासमोर फोटो काढा सगळ्या बाजूंनी. काही झालं तर दुरुस्ती कुणी करायची हे तोंडी का होईना पण आधी बोलून घ्या. जवळचं माणूस असेल तर जास्तच.

उसनं चालत नाही अशी यादी, छोटीच आहे

तारा स्वतःच्या घ्या. जुन्या तारा सुरात लागतच नाहीत, लागल्या तरी फिंगरबोर्डवर वर गेलं की खोट्या बोलतात. राळ, म्हणजे रोझिन, स्वतःची. शोल्डर रेस्ट, म्हणजे व्हायोलिनखाली लावायचा खांद्याचा आधार, स्वतःचा, कारण तो तुमच्या खांद्याच्या आणि मानेच्या मापाचा लागतो आणि दुसऱ्याच्या मापाचा लावून वाजवलंत तर मान आखडते. पुसायला एक मऊ फडकं. एक पेन्सिल. संपली यादी.

बो उसना चालेल पण केस बघा, म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस जे बो ला लावलेले असतात ते. बरेच तुटलेले असतील किंवा एकाच बाजूचे गेले असतील तर बदलून घ्यावे लागतात. केसांना बोटं लावू नका, हाताचं तेल लागलं की त्या जागी राळ धरत नाही आणि बो तिथे आल्यावर घसरतो.

बो आवळायचा किती हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मधोमध केस आणि काठी यात एक पेन्सिल जेमतेम जाईल इतका. काठी आतल्या बाजूला वळलेली दिसली पाहिजे, सरळ झाली म्हणजे जास्त आवळला. वाजवून झालं की सैल करायचा, रोज, न विसरता. नवीन राळ गुळगुळीत असते ती केसांना लागतच नाही, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर जरा घासा आणि मग लावा. व्हायोलिनवर पांढरी भुकटी पडते ती त्याच दिवशी पुसा, कारण ती वॉर्निशला चिकटून बसते आणि मग ज्याचं व्हायोलिन आहे तो काही बोलत नाही पण बघतो.

सुरात लावणं

हे शिकायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यात दोन ई तारा गेल्या. टेलपीसवर, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिथे, जे छोटे स्क्रू असतात, फाईन ट्यूनर, ते चारही तारांना आहेत का बघा, नसतील तर बसवून घ्या, उगाच खरे वादक फक्त ई ला वापरतात वगैरे ऐकू नका. फोनमध्ये कुठलंही फुकट ट्यूनर ॲप घ्या, संदर्भ ए म्हणजे ४४० हर्ट्झ ठेवा. आधी ए लावा, मग डी, मग जी, शेवटी ई.

खुंटी फिरवताना आत दाबत दाबत फिरवायची, नुसती फिरवली तर सुटते. आधी थोडी खाली सोडा आणि मग हळूहळू वर या. खुंट्या कुठली कुणाची हे समोरून बघितलं तर डावीकडे खाली जी, डावीकडे वर डी, उजवीकडे वर ए, उजवीकडे खाली ई. ई ची समजून ए ची खुंटी फिरवत राहिलं की काय होतं ते मी बघितलेलं आहे. हवा कोरडी असली की खुंट्या सुटतात, दमट असली की फुगून अडकतात, तेव्हा अडकलेल्या खुंटीवर जोर काढू नका.

थोडा कान तयार झाला की ट्यूनर फक्त ए पुरता ठेवा आणि बाकीच्या तारा दोन दोन एकदम वाजवून लावा. शेजारच्या दोन तारांमध्ये सा-प चं अंतर असतं, म्हणजे ३:२. ए ४४० तर शुद्ध पंचमाने ई ६६०, ट्यूनर मात्र ६५९.३ दाखवेल. एवढ्याशा फरकावर वाद घालणारे लोक भेटतील, तुम्ही घालू नका. दोन तारा बेसूर असल्या की आवाजात एक हेलकावा येतो, वांव वांव वांव, जसजशा जवळ येतात तसा तो सावकाश होतो आणि मग एका क्षणी थांबतो. तो थांबलेला एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

बो: इथे घाई केलीत तर पुढे सगळं किरकिरतं

मोठी माणसं डाव्या हाताच्या मागे लागतात कारण गाणं तिथून येतं असं वाटतं. आवाज उजव्या हातातून येतो. पहिले दोन आठवडे नुसत्या मोकळ्या तारा वाजवा. कंटाळवाणं आहे, मान्य.

पकड पेन्सिलीवर बसवा, बस-ट्रेनमध्ये, टीव्ही बघताना, कुठेही. अंगठा वाकलेला, बाकीची बोटं सैल गोलाकार, करंगळी वाकून काठीच्या वर टेकलेली. अंगठा ताठ झाला की मनगट ताठ, मनगट ताठ झालं की खांदा वर आणि मग आवाज दार उघडल्यासारखा.

आवाज तीन गोष्टींवर चालतो, हाताचं वजन, बो चा वेग आणि घोडीपासूनचं अंतर. घोडीच्या जवळ गेलात तर वजन जास्त आणि वेग कमी लागतो, फिंगरबोर्डकडे गेलात तर उलट. नवीन माणसाचा बो बहुतेक वेळा फिंगरबोर्डकडे सरकत जातो आणि आवाज हवेसारखा, फुसफुसा होतो. आणि घाबरून दाबलं की खर्रर्र. म्हणून आरशासमोर उभं राहा, आरसा असा ठेवा की घोडी आणि बो चा कोन दिसेल, आणि बो घोडीला समांतर जातोय का तेवढंच बघा. बुडाशी, म्हणजे हाताकडच्या टोकाशी असताना बो आत येतो, टोकाशी जाताना मागे जातो, कारण कोपर नुसतं उघडायच्या ऐवजी अख्खा हात मागे जातो. दाराची कडी काढताना कोपर उघडतं ना, तसं उघडायचं.

एक सोपा व्यायाम सांगते. मोकळी डी तार, एक बो आठ मात्रांत, बुडापासून टोकापर्यंत, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर. चार मात्रा झाल्या तेव्हा बो बरोबर मध्यावर हवा. नसतो. पहिल्या दिवशी माझा सहाव्या मात्रेलाच संपायचा. हे रोज पाच मिनिटं केलं की महिन्याभरात घरचे दार लावून घ्यायचं थांबवतात. शेजाऱ्यांसाठी घोडीवर बसणारा रबराचा म्यूट मिळतो, तो रात्री लावा, पण कायम लावू नका, त्यात स्वतःच्या चुका ऐकू येत नाहीत आणि म्यूट काढल्यावर धक्का बसतो.

डावा हात, आणि फुकटातला सगळ्यात चांगला शिक्षक

व्हायोलिनला गिटारसारखे पडदे नसतात, म्हणून सुरुवातीला लोक फिंगरबोर्डवर पट्ट्या चिकटवतात. चिकटवा, लाज कसली. घोडीपासून खुंट्यांकडच्या खाचेपर्यंत तार साधारण ३२.८ सेंटीमीटर धरली तर खाचेपासून पहिलं बोट अंदाजे ३६ मिलिमीटरवर, दुसरं (ते दोन जागी बसतं, त्यातली वरची जागा) ६८ वर, तिसरं ८२ वर आणि चौथं १०९ वर. उसन्या व्हायोलिनवर चिकटवताना डाग न सोडणारी टेप घ्या. पण या पट्ट्या डोळ्यांसाठी आहेत, कानासाठी नाहीत, तीन-चार महिन्यांनी एकेक काढत जा.

कानासाठी व्हायोलिन स्वतःच सांगतं. ए तारेवर तिसरं बोट ठेवा, डी लागतो. तो सुरात असला की शेजारची मोकळी डी तार आपोआप हलायला लागते, कुणी हात न लावता. डोळ्यांनी दिसते, कडा धूसर होतात. बोट केसभर जरी सरकलं तरी ती तार गप्प बसते आणि आवाजही कोरडा होतो. विश्वास बसत नसेल तर कागदाचा एक बारीक कपटा मध्ये दुमडा आणि मोकळ्या डी तारेवर घोड्यावर खोगीर टाकल्यासारखा ठेवा, मग ए वर तिसरं बोट ठेवून वाजवा. कपटा थरथरतो, उडूनही पडतो. फक्त तारेच्या बरोबर मधोमध ठेवू नका, तिथे ती हलतच नाही, कारण वरच्या सप्तकाचा सूर घेताना तार दोन भागांत हलते आणि मधला बिंदू स्थिर राहतो. मी आधी मधोमधच ठेवला होता आणि अर्धा तास स्वतःला बेसूर समजत बसले होते.

तसंच डी तारेवर तिसरं बोट म्हणजे जी, त्याने मोकळी जी तार बोलते. चौथं बोट म्हणजे पुढच्या मोकळ्या तारेचाच सूर, ताडून बघता येतो. एवढ्या दोन-तीन खुणा पक्क्या झाल्या की बाकीची बोटं त्यांच्यामध्ये बसतात. आणि मागे तानपुरा लावून ठेवा. तानपुऱ्याची फुकट ॲप आहेत, तासन् तास चालणारी रेकॉर्डिंग आहेत, डी वर सा लावायचा आणि सावकाश सा रे ग म प. पाश्चात्त्य शिकणारे याला ड्रोन म्हणतात आणि फार मोठा शोध लागल्यासारखं सांगतात, आपल्याकडे ही गोष्ट लहान मुलाला पहिल्या दिवशी मिळते.

मान आणि हनुवटी यांनी व्हायोलिन दाबून धरू नका. डोक्याचं नुसतं वजन पुरतं. अंगठा आणि तर्जनीच्या बुडाने व्हायोलिनच्या मानेला चिमटा काढल्यासारखं धरलं की सगळी बोटं आखडतात. दुखलं तर थांबा, मुंग्या आल्या किंवा बधिर झालं तर त्या दिवशी ठेवूनच द्या आणि परत परत होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, हा रियाज सोसण्याचा भाग नाही.

साहित्य: फुकट इतकं आहे की तेच संकट आहे

आयएमएसएलपी नावाची ऑनलाइन लायब्ररी आहे, २००६ पासूनची, कॉपीराईट संपलेलं पाश्चात्त्य संगीताचं नोटेशन तिथे लोकांनी स्कॅन करून ठेवलंय. आपल्या कामाचं तिथे खूप आहे. वोलफार्टचे ओपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) ४५ चे ६० एट्यूड, म्हणजे सरावाच्या छोट्या रचना, त्यातले पहिले ३० फर्स्ट पोझिशनमध्ये, म्हणजे हात न सरकवता वाजतात. त्यानंतर कायझरचे ओपस २० चे ३६. क्रॉयत्सरचे ४२ पुढे कधीतरी, काही वर्षांनी. शेवचिकच्या व्यायामांच्या वह्या दिसतील, पानंच्या पानं काळी, त्या पहिल्या वर्षी उघडूसुद्धा नका, माणूस खचतो. जुनी रचना असली तरी तिची नवी संपादित आवृत्ती कॉपीराईटमध्ये असू शकते, आणि मुदत देशोदेशी वेगळी, बऱ्याच ठिकाणी संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६०, तेवढं बघून घ्या. आजकाल क्लासमध्ये चालणारी पुस्तकं बहुतेक कॉपीराईटमधली असतात, ती ढापू नका, वाचनालयातून आणा किंवा कुणाची वापरून झालेली घ्या.

एट्यूड नको, चाल हवी असेल तर दि सेशन नावाच्या ठिकाणी आयरिश पारंपरिक चाली आहेत, बऱ्याचशा डी आणि जी स्केलमध्ये, फर्स्ट पोझिशनमध्ये सहज बसणाऱ्या. तिथे चाली एबीसी नोटेशनमध्येही असतात, म्हणजे साध्या अक्षरांत, पाच रेघांचं स्टाफ नोटेशन येत नसेल तरी वाचता येतं. एकाच चालीची सहा सहा रूपं दिसतील, बरोबर कुठलं असं विचारू नका, सगळीच. म्यूझस्कोअर हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात नोटेशन टाकलं की ते वाजवून दाखवतं, वेग कमी करून ऐकता येतं. रेकॉर्डिंगचा वेग सूर न बदलता कमी करायचा असेल तर ऑडॅसिटी. यूट्यूबवर तर ०.७५ असतंच.

आता संकट. माझ्या फोल्डरमध्ये एके काळी चारशेच्या वर पीडीएफ होत्या आणि मला वाजवता येत होत्या दोन चाली. रविवारी दुपारी बसून नवीन नवीन उतरवायचं, नावं नीट लावायची, फोल्डर करायचे, आणि वाटायचं आज व्हायोलिनचं बरंच काम झालं. व्हायोलिन केसमध्ये. मोठ्या माणसांचा हा खास रोग आहे, लहान मुलांना गुरुजी एक पान देतात आणि ते येईपर्यंत दुसरं देत नाहीत. म्हणून नियम करा, एका वेळी एक एट्यूड, एक चाल, एक व्हिडिओवाला शिक्षक. तीन महिने तोच शिक्षक. दुसऱ्याचा अंगठा वेगळा दिसला तरी लक्ष द्यायचं नाही.

रोजचं म्हणाल तर २५ मिनिटं पुरतात, पाच बो, पाच तानपुऱ्यावर सूर, दहा एट्यूडच्या त्याच दोन ओळी ज्या अडतात, पाच चाल मजेत. अख्खा एट्यूड पहिल्यापासून शेवटपर्यंत परत परत वाजवणं हा रियाज नाही, तो फेरफटका. अडतंय ती जागा पेन्सिलने गोल करा आणि त्या चार सुरांतच राहा.

माणूस लागतोच

सगळं फुकट शिकता येतं का? नाही येत. तुमचा खांदा वर गेलाय हे व्हिडिओ सांगत नाही. परवडत असेल तर सुरुवातीला तीन-चार शिकवण्या लागोपाठ घ्या, नुसत्या पकडीसाठी आणि उभं राहण्यासाठी, मग महिन्याला एक घेतलीत तरी चालेल. आणखी एखादा मोठा माणूस शिकणारा मिळाला तर तास वाटून घ्या, अर्धा तुमचा अर्धा त्याचा. दुसऱ्याची चूक सरांनी सुधारताना बघण्यात जेवढं कळतं तेवढं स्वतःच्या वेळी कळत नाही कारण तेव्हा आपण घाबरलेलो असतो.

मधल्या काळात रेकॉर्डिंग करा, आठवड्याला एकदा, तीच चाल. आणि कुणाला दाखवणार असाल तर दोन कोनांतून, एक समोरून ज्यात घोडी आणि बो दिसेल, एक डाव्या बाजूने ज्यात अंगठा दिसेल. नुसतं कसं वाटलं असं विचारलंत तर लोक छान म्हणतात, सभ्य असतात. तिसऱ्या बोटाचा सूर उतरतोय का, बो सरळ आहे का, असं नेमकं विचारा म्हणजे नेमकं उत्तर मिळतं. शोल्डर रेस्ट हवा की नको हा विषय मात्र कुणापुढे काढू नका, तासभर जाईल आणि तुमचा खांदा तिथेच राहील.

वाजवायला सोबती लवकर शोधा, सहा महिने झाले की लगेच. प्लेयेलची ओपस ८ ची सहा ड्युएट आहेत दोन व्हायोलिनसाठी, बरीचशी फर्स्ट पोझिशनमध्ये, तीही आयएमएसएलपीवर मिळतात, सावकाश लयीत घेतली तर वर्षाभराने जमायला लागतात. दोघांत वाजवताना पहिल्यांदा लक्षात येतं की आपण चुकलो की थांबतो, मागे जातो, परत सुरू करतो, आणि समोरचा तोवर पुढे गेलेला असतो. थांबायचं नाही. सूर सोडा, ठेका धरा, पुढच्या मात्रेवर चढा. पाय आपटून मात्रा मोजू नका, पायही आपल्यासारखाच घाई करतो. माझ्या पहिल्या ड्युएटला आम्ही दोघी एकदमच संपलो तेव्हा इतक्या हसलो की बो सैल करायचा राहिला, सकाळी बघितला तर तसाच आवळलेला.

कुणाच्या छापील पानांवरून वाजवलंत तर खुणा पेन्सिलीने, हलक्या हाताने, आणि परत देताना खोडून. स्वतः काही नोटेशन उतरवलंत, एखादी चाल ऐकून लिहिलीत तर टाका तीही सगळ्यांसाठी, फक्त कॉपीराईटमधलं गाणं नको, आणि आधी कुणाकडून तरी तपासून घ्या. चुकीचं नोटेशन फार वेगाने पसरतं, मी एका चालीत सात महिने एफ शार्प ऐवजी साधा एफ वाजवत होते कारण टाकणारा शार्पची खूण विसरला होता.

परत देताना

दोन वर्षांनी मी स्वतःचं व्हायोलिन घेतलं आणि उसनं परत द्यायला गेले. देताना नवीन तारा लावून द्यायच्या, एवढं तर कराच. पट्ट्यांचा गोंद पुसून, घोडी सरळ आहे ना बघून. आणि केसमध्ये एक चिठ्ठी टाका, तारा कधी बदलल्या, बो चे केस कधी बदलले, कुठली खुंटी त्रास देते. मला मिळालं तेव्हा अशी चिठ्ठी असती तर ती रात्रीची टक् वाचली असती, म्हणून मी पहिली ओळ मोठ्या अक्षरात तीच लिहिली, तारा एका वेळी एकच काढणे. खाली लिहिलं, ए ची खुंटी कोरड्या हवेत सुटते, दाबून फिरवा.

मैत्रिणीच्या भावाने ते घेतलंच नाही, म्हणाला पुढे दे कुणालातरी. ते मग एका शिक्षिकेकडे गेलं, तिच्याकडून एका निवृत्त काकांकडे. मध्ये एकदा बघायला मिळालं तर चिठ्ठीवर आता तिघांची अक्षरं आहेत, काकांनी शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, ई तार तुटली, नवीन लावली, जुनी खिशात ठेवली आहे, का ते माहीत नाही.